खाटा तीस, माणसं किती? पंचवटीतल्या एका हॉस्पिटलच्या कामाच्या नोंदी

८ जानेवारी २०२५

पहिली बैठक. दिंडोरी रोडवरून आत गल्लीत शिरलं की डाव्या हाताला इमारत. १९९४ची. खाली ओपीडी, ओटी (ऑपरेशन थिएटर), लेबर रूम, वर वॉर्ड. सर सर्जन, मॅडम स्त्रीरोगतज्ज्ञ. पेशंट बरेचसे पेठ, सुरगाणा, दिंडोरीकडचे, थोडे पंचवटीतलेच. मागणी सरळ आहे: वरचा मजला नवा करायचा, हॉस्पिटल एक दिवसही बंद न ठेवता. आणि तीसच्या चौतीस खाटा बसत असतील तर बसवायच्या. बजेटचा आकडा सरांनी कागदावर लिहिला आणि कागद उलटा ठेवला. शाई मागे उमटली होती, त्यामुळे कळायचं ते कळलं.

जुना नकाशा मिळाला. खाट म्हणजे एक आयत, उशीच्या जागी एक रेघ. नकाशा हातात धरून वर गेलो. त्या एका आयताभोवती काय काय होतं: खाटेवर बाळंतीण, कुशीत बाळ, खाली गोधडीवर सासू, खिडकीच्या गजांना वाळत घातलेली लंगोटं, स्टुलावर डबा, आणि सलाईनचा स्टँड कुठे रोवावा म्हणून अंग चोरून उभी असलेली सिस्टर. नकाशात यातली फक्त खाट. जुन्या आर्किटेक्टला नावं ठेवण्यात अर्थ नाही. मीही वीस वर्षं असेच आयत काढत आलोय.

११ जानेवारी, रात्र

मॅडमची परवानगी काढून जनरल वॉर्डातल्या रिकाम्या खाटेवर मुक्काम. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "काही झालेलं नसताना ॲडमिट होणारा तूच पहिला."

बारा वाजता मजल्यावर फेरी मारून डोकी मोजली. पेशंट २३, नातेवाईक २९, सिस्टर दोन, मावशी एक. पंचावन्न माणसं. सिस्टरांचं काउंटर सोडलं तर त्यातल्या बत्तीस जणांच्या नावाने नकाशात काहीही नाही.

मग आडवा झालो. ट्यूबलाइट बरोबर डोळ्यांत. तिच्या खाली पंखा, त्यामुळे पातं फिरेल तसा उजेड कापला जातो आणि सगळं छत लुकलुकतं. पाच मिनिटांत डोकं चढलं. उभ्या माणसाला हे कळतच नाही, कारण उभा माणूस छताकडे बघत नाही. फिनलंडमधल्या पाइमिओच्या क्षयरोग सॅनेटोरियममध्ये (१९३३) आर्किटेक्ट आल्व्हार आल्टोने नेमका हाच विचार केला होता: खोली पडलेल्या माणसासाठी आहे. म्हणून छताचा रंग गडद, दिवा पेशंटच्या नजरेबाहेर, आणि बेसिनचा उतार असा की पाणी पडताना आवाज होऊ नये, शेजारच्याची झोप मोडू नये. कॉलेजात हे सगळं पाठ केलं होतं, मार्कही मिळाले होते. पडून पाहायला मात्र पंचेचाळिशी उलटावी लागली.

आवाज. मोबाइलवरचं ॲप काही प्रमाणित मीटर नव्हे, पण रात्री दोनलासुद्धा काटा पन्नाशीच्या खाली फारसा गेला नाही. हॉस्पिटलभोवती शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असतं. २००० सालच्या नियमांनुसार तिथे रात्रीची मर्यादा ४० डेसिबल. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक आकड्यांत वॉर्डाच्या आत रात्री ३०. आपण गल्लीतल्या हॉर्नला बोल लावतो, पण गल्ली अकरालाच झोपली होती. आवाज आतलाच होता, तो लिहून काढला:

ड्रेसिंग ट्रॉलीची लोखंडी चाकं कॉरिडॉरच्या जोडपट्टीवरून जाताना: धडधड-खण्. स्टीलचा ट्रे कडप्प्याच्या ओट्यावर ठेवताना. संडासाच्या दाराची कडी. चार नंबरच्या खाटेचं हेडबोर्ड, पेशंट कुशीवर वळला की. आणि सगळ्यात जास्त वेळा सिस्टरांची हाक: "मावशीऽऽ, सहा नंबरला पॉट!" कारण काउंटर एका टोकाला आणि मावशी दुसऱ्या टोकाला.

सगळ्याचा मिळून खर्च फार नाही. चाकं रबराची, मोठ्या व्यासाची. दारांना रबरी बफर. ट्रे ठेवायच्या ओट्यावर विनाइलची पट्टी. पॉटची हाक मात्र रबराने थांबणार नाही. तिथे नकाशाच बदलावा लागेल.

१५ जानेवारी

काल संक्रांत. मेट्रन सिस्टरांनी तिळगूळ दिला आणि वर, "गोड बोला, पण आमच्या चेंजिंग रूमचं तेवढं बघा." बघितली. जिन्याखाली. उंची अशी की साडी नेसून उभं राहायचं तर मान वाकवून. तिथेच मीटरचा बोर्ड, तिथेच जुने एक्स-रे. डबा ड्रेसिंग रूममध्ये खातात, कारण त्या खोलीला आतून कडी आहे.

२२ जानेवारी

सकाळच्या शिफ्टला एका सिस्टरच्या मागे मागे चाललो. त्यांच्या खिशात माझा फोन, पावलं मोजायला. सात ते दोन: साडेनऊ हजार पावलं. त्यात राउंड आहेच, पण निम्मी चाल म्हणजे काउंटर ते औषधाची खोली आणि परत. एका सुईसाठी एक खेप, स्पिरिट स्वॅबसाठी दुसरी. "एकदम का नाही आणत?" असं विचारण्याचा आगाऊपणा मी केला. त्या म्हणाल्या, "सर, हात दोनच आहेत, आणि मधे चार जण हाक मारतात."

ठरवलं: औषधाची मोठी खोली तिथेच राहू दे, पण प्रत्येक आठ खाटांमागे भिंतीत एक कपाट. रोजचं सामान त्यात. कपाटाला लागूनच लिहायला फळी आणि हात धुवायचं बेसिन. आताचं बेसिन वॉर्डाच्या कोपऱ्यात, शेवटच्या खाटेमागे आहे. त्यात आज कोणाचा तरी टिफिन भिजत पडला होता. हात धुणं वाटेत आलं पाहिजे. पोस्टर लावून कोणी कोपऱ्यात जात नाही.

२ फेब्रुवारी

आजचा दिवस नीट लिहून ठेवतो.

गच्चीवर खडूने मजला आखला, पूर्ण मापात. एक फूट म्हणजे एक फूट. खालून खरी खाट, खरी ट्रॉली, सलाईन स्टँड, व्हीलचेअर वर आणली. भिंती म्हणून विटांची एक रांग, दारं म्हणून साड्यांचे पुठ्ठे. ओपीडी बंद असल्याने दोन सिस्टर, वॉर्डातले मामा आणि मावशी अशी चौघं वर आली. कागदावरचा नकाशा महिनाभर दाखवत होतो तर सगळे "छान आहे सर" म्हणत होते. खडूच्या रेघांत उभं केल्यावर पाच मिनिटांत भांडायला लागले.

मामा पेशंट होऊन खाटेवर झोपले. मेट्रन सिस्टर म्हणाल्या, "बीपी पडलं, ओटीत न्यायचंय." ट्रॉली वळवली. वळेना. दोन खाटांमध्ये मी चार फूट सोडले होते आणि मनातल्या मनात खूश होतो. पण शेजारच्या खाटेचा नातेवाईक कुठे आहे? गोधडीवर. मावशी मुद्दाम तिथे जाऊन झोपली आणि म्हणाली, "हं, आता न्या माझ्या अंगावरून."

हसलो सगळे. पण नकाशा तिथेच फुटला. चौतीस खाटा तिथेच गेल्या.

नातेवाईकाला खाटेच्या बाजूला नाही, पायथ्याशी जागा द्यायची असं त्यांनीच ठरवलं. खिडकीखाली भिंतीला लागून सलग बाक, अठरा इंच उंच, दोन फूट रुंद. दिवसा बसायला, रात्री आडवं व्हायला. खाटेची बाजू सिस्टरची, पायथा घरच्यांचा. बाकाखाली पिशवीला खण. प्रत्येक जागेला मोबाइल चार्जिंगचा एक पॉइंट, कारण आता नातेवाईक व्हेंटिलेटरचा प्लग काढून फोन लावतात. (असं खरंच झालंय, कुठे ते लिहीत नाही.)

मग संडास. मावशी आत जाऊन चक्कर आल्यासारखी दाराशी बसली. दार आत उघडणारं होतं. बाहेरून ढकललं तर मावशीच्या गुडघ्याला अडलं. "रात्री तीनला बाळंतीण अशी पडली की आम्ही वरून स्टूल लावून चढतो," सिस्टर म्हणाल्या, अगदी सहज, रोजचं काम सांगावं तशा. दार आता बाहेर उघडणार. धरायचा दांडा कमोडच्या मागे न देता शेजारी, आणि ओढायची घंटा जमिनीपर्यंत लोंबणाऱ्या दोरीची, कारण पडलेल्या माणसाचा हात चार फुटांवर पोचत नाही.

शेवटी मावशीने विचारलं, "माझी बादली कुठंय?" नव्हती. मी पूर्ण मजल्यावर पोछ्याची बादली, पॉट धुवायची जागा आणि कचऱ्याच्या पिवळ्या-लाल-निळ्या-पांढऱ्या डब्यांची जागा दाखवायला विसरलो होतो. रोज तीन वेळा जिला हा मजला पुसायचाय तीच नकाशात नव्हती. आता वॉर्डाच्या मध्यावर एक धुण्याची खोली येतेय, म्हणजे पॉटची हाकही थांबेल.

खडूचा खर्च चाळीस रुपये.

६ फेब्रुवारी

सरांशी खडाजंगी. खाटा तीसच राहतील, हे त्यांनी नाइलाजाने मान्य केलं. पण स्टाफ रूमसाठी मी पूर्वेचा कोपरा धरलाय, खिडकीसकट, तो त्यांना प्रायव्हेट रूमसाठी हवाय. "एका रूमचं भाडं गुणिले तीनशे पासष्ट करा," सर म्हणाले. हिशोब चुकीचा नाही. मी भावनेला हात घालणार होतो, तेवढ्यात मॅडमनी बाजू घेतली, आणि तीही हिशोबानेच: गेल्या वर्षी शिकवून तयार केलेल्या तीन सिस्टर सोडून गेल्या, त्यातली एक जाताना म्हणाली होती की बारा तासांत टेकायला जागा नाही. नवी माणसं तयार होईपर्यंत मॅडम स्वतः रात्री खाली येत होत्या. सर गप्प झाले. निर्णय पुढच्या आठवड्यावर.

१३ फेब्रुवारी

खोली मिळाली. थोडी लहान करून. खिडकी राहिली.

२६ फेब्रुवारी

वाऱ्याचं गणित. जागतिक आरोग्य संघटनेची २००९ची मार्गदर्शिका खिडक्यांच्या हवेवर चालणाऱ्या सर्वसाधारण वॉर्डासाठी माणशी सेकंदाला ६० लिटर हवा सांगते. आमच्याकडे टीबीचा पेशंट निदान होईपर्यंत जनरल वॉर्डातच असतो, त्यामुळे हा आकडा मी शोभेचा मानत नाही. आठ खाटांचे ४८० लिटर. वॉर्ड ९ बाय ७.२ मीटर, उंची ३.३. म्हणजे सगळी हवा तासाला साधारण आठ वेळा बदलली पाहिजे.

त्याच मार्गदर्शिकेतला ढोबळ हिशोब: ०.६५ गुणिले वाऱ्याचा वेग गुणिले उघडी जागा. यात दोन बाजूंपैकी जी उघडी जागा लहान तीच धरायची, आणि गोम इथेच आहे. पश्चिमेला चार स्लायडिंग खिडक्या. स्लायडिंग कधीच निम्म्यापेक्षा जास्त उघडत नाही, तरी तिथे पावणेतीन चौरस मीटरच्या वर मिळतात. समोर कॉरिडॉरच्या भिंतीला मात्र तीन चिमुकली व्हेंटिलेटर, सगळी मिळून अर्धा चौरस मीटर. अर्धा मीटर प्रतिसेकंद वारा धरला तर १६२ लिटर. गरजेच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, तेही डासांची जाळी न धरता. रात्री दार लोटलं की वॉर्ड म्हणजे झाकण लावलेला डबा. सकाळी आत शिरताना जो वास येतो त्याला सगळे 'हॉस्पिटलचा वास' म्हणतात. तो कालच्या श्वासांचा वास आहे.

उपाय जुनाच. नाइटिंगेलबाईंच्या काळातले लांबट वॉर्ड दोन्ही बाजूंच्या समोरासमोरच्या खिडक्यांवर चालायचे. आम्ही कॉरिडॉरच्या भिंतीत सात फुटांवर उघडणाऱ्या झडपांची सलग पट्टी देतोय, दोन चौरस मीटरची, आणि स्लायडिंग काढून बिजागरीच्या खिडक्या. फॅब्रिकेटर नाराज. स्लायडिंग त्याच्याकडे तयार पडून आहे.

१९ मार्च

रंगपंचमी. मिस्त्री आणि पोरं रहाडीला, म्हणजे रंगाच्या जुन्या हौदावर. काम बंद. मी साइटवर एकटा, कोरड्या कपड्यांत परत आलो हेच नशीब.

९ एप्रिल

पश्चिमेची भिंत. दुपारी साडेचारला आतल्या बाजूने टेम्परेचर गन लावली: ४१. सात नंबरच्या खाटेची उशी त्या भिंतीला टेकलेली. छज्जा आहे, दोन फुटांचा, दक्षिणेला असता तर कामाला आला असता. पश्चिमेचं ऊन खाली उतरून सरळ छज्ज्याखालून आत येतं. नाशिक वीस अंशांवर, एप्रिलपासून तर सूर्य मावळतो तोच पश्चिमेच्या थोडा उत्तरेला. इथे उभ्या पट्ट्या हव्यात किंवा झाड. सरांचं म्हणणं दोन टनांचे एसी. एसी लावला की खिडक्या बंद, म्हणजे २६ फेब्रुवारीचं सगळं गणित पाण्यात. भाजलेल्या मातीची जाळी भिंतीपासून दीड फूट पुढे उभी करायची ठरलंय. मधल्या पोकळीचा उपयोग दुसराही आहे, तो खाली लिहितो.

आणि कडुनिंब. पार्किंगसाठी तोडायचा असं आधीच ठरलेलं. मी रॉजर उलरिच यांचा १९८४चा 'सायन्स'मधला लेख सरांच्या टेबलावर ठेवला. पेन्सिल्व्हेनियातलं एक हॉस्पिटल, पित्ताशयाच्या ऑपरेशनचे ४६ पेशंट, २३ जोड्या. एकाच्या खिडकीतून झाडं, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडवाले सरासरी ७.९६ दिवसांत घरी, भिंतवाले ८.७० दिवसांत. तीव्र वेदनाशामकंही झाडवाल्यांना कमी लागली.

सरांनी चष्मा लावून लेख पूर्ण वाचला. मग म्हणाले, "आठ दिवस? पित्ताशय मी आता दुर्बिणीतून काढतो. पेशंट दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी. तेव्हाचा हा फायदा आता कशात मोजायचा?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि प्रश्न रास्त होता. एका हॉस्पिटलातले ४६ पेशंट, तेही १९७२ ते ८१ मधले. आमच्या धंद्यात हा लेख आरतीसारखा म्हटला जातो. झाड दिसलं की टाके लवकर भरतात असं त्यात कुठेही सिद्ध केलेलं नाही. मी एवढंच म्हणालो की सिझेरियनची बाई अजूनही चार-पाच दिवस राहते आणि तिची सासू तिच्याबरोबर. कडुनिंब वाचला तो शेवटी तिसऱ्याच कारणाने: मामांनी सांगितलं की दुपारी ओपीडीची अर्धी रांग त्याच्याच सावलीत बसते, झाड गेलं तर ती सगळी माणसं जिन्यात येतील. सरांनी तिथल्या तिथे पार्किंग दोन गाड्यांनी कमी केलं.

२१ एप्रिल

चार वर्षांपूर्वी आजच्याच दिवशी आपल्या शहरात ऑक्सिजनची टाकी गळून पुरवठा तुटला आणि निदान २२ रुग्ण गेले. आज मुद्दाम वरच्या मजल्याच्या ऑक्सिजनचा झोन व्हॉल्व्ह (मजल्याचा पुरवठा बंद करायची चावी) शोधायला निघालो. चादरींच्या कपाटामागे सापडला. कपाट हलवायला दोन माणसं लागली. तो आता काउंटरच्या समोरच्या भिंतीत, छातीच्या उंचीवर, काचेच्या पेटीत येईल आणि त्यापुढे काहीही ठेवायला जागाच उरणार नाही अशी भिंत आम्ही करतोय. बाकी कशावरही तडजोड चालेल, यावर नाही.

३० एप्रिल

अक्षय तृतीया. वापरात नसलेल्या खोलीत मॉडेल खाट उभी केली. दिवा डोक्यामागच्या भिंतीवर, उजेड छतावर फेकणारा. रात्रीचा दिवा जमिनीपासून फूटभर वर, पिवळसर. एक आजोबा येऊन बघून गेले. म्हणाले, "देवघरासारखं वाटतं." कौतुक की तक्रार, ते कळलं नाही.

१४ मे

मे महिन्यात असा पाऊस. बाहेर कांदेवाल्यांचे हाल, आत आमचे. उघड्या खिडक्यांतून पाणी, नवा गिलावा भिजला. एक फायदा: गच्ची कुठे गळते ते फुकटात आणि वेळेआधी कळलं. वॉटरप्रूफिंगवाल्याला फोन. तो म्हणतो, सगळं नाशिक त्यालाच फोन करतंय.

२७ मे

जाळीमागच्या दीड फुटाबद्दल. पहिल्या दिवसापासून ती लंगोटं डोक्यात होती. बाळंतिणीच्या वॉर्डात दिवसाला एका बाळामागे डझनभर लहान कपडे धुतले जातात. वाळत घालायला जागा नाही म्हणून ते गजांवर. गजांवर आले की उजेड आणि वारा दोन्ही बंद. राउंडला मॅडम ओरडल्या की कपडे खाटेच्या दांड्यावर, आणि ओल्या दांड्याला सिस्टरचा हात. 'येथे कपडे वाळत घालू नयेत' ही पाटी तीन ठिकाणी आहे. एका पाटीवरच टॉवेल वाळत होता.

जाळी आणि भिंत यांच्या मधल्या पट्टीत आता नायलॉनच्या दोऱ्या. वॉर्डातूनच हात पोचतो, ऊन-वारा लागतो, रस्त्यावरून दिसत नाही. शेजारी मोरी आणि सोलरच्या गरम पाण्याचा नळ. नळासाठी मॅडम आग्रही होत्या, कारण गरम पाणी मिळत नाही म्हणून नातेवाईक लपवून इलेक्ट्रिक कॉइल आणतात. शेक-शेगडी, धुरीचा विषयही निघाला. ऑक्सिजनची लाइन असलेल्या मजल्यावर विस्तव अजिबात नाही, यावर सगळे ठाम. त्याऐवजी शेकायला गरम पाण्याच्या पिशव्या काउंटरवरून मिळतील. एका आजीने विचारलं, "पण ओव्याचा वास?" त्याला उत्तर नाही.

१७ जून

पूर्वेचा अर्धा मजला सुरू. पूजा झाली. पेशंट हलवले, दोन तास लागले. पाट्यांबद्दल: मी सुंदर अक्षरांत मराठी पाट्या केल्या होत्या. पहिल्याच दिवशी हरसूलकडून आलेल्या एका बाबांनी पाटीखाली उभं राहून विचारलं, सोनोग्राफी कुठे? वाचता येत नव्हतं. आता जमिनीवर रंगीत पट्टे: निळ्यावरून सोनोग्राफी, हिरव्यावरून लेबर रूम, पिवळ्यावरून औषधं. मामा नुसते म्हणतात, "बाबा, निळ्यावरून सरळ जा."

८ जुलै

बिघाडांची यादी. संडासाचं एक दार पावसाने फुगलं. मधल्या कपाटाचं कुलूप दर शिफ्टला वेगळ्या किल्लीने उघडतं. झडपा उंचावर, त्या उघडायची काठी हरवते. काठी आता साखळीने बांधली. काउंटर मी मुद्दाम बुटकं केलं होतं, बसलेल्या सिस्टरचा चेहरा खाटेवरून दिसावा म्हणून. ते जमलं. पण आता नातेवाईक काउंटरवर कोपर टेकून सगळे केसपेपर वाचतात. सिस्टर वैतागल्या. आतून एक आडवी फळी वाढवतोय, कागद तिच्याखाली राहतील.

२७ ऑगस्ट

गणपती. सुतार कोकणात. पुढचं आठवडाभर काही होणार नाही.

१९ सप्टेंबर

पश्चिमेचा भाग चालू होऊन दहा दिवस झाले. आज न सांगता गेलो. स्टाफ रूमचं दार अर्धवट उघडलं, पुढे जाईना. आत छतापर्यंत सलाईनचे खोके. खिडकी खोक्यांमागे. सिस्टर ड्रेसिंग रूममध्ये डबा खात होत्या, पूर्वीसारख्याच. कोणी ठेवले ते विचारलं तर सगळे छताकडे बघायला लागले. छत आता बघण्यासारखं आहे, हे खरं.

मी काही बोलायच्या आत मेट्रन सिस्टर उठल्या. मामांना हाक मारली, खोके एकेक करून बाहेर, जिन्याखालच्या जुन्या चेंजिंग रूममध्ये. तिथे खोके बरोबर मावले. उंची जणू त्यांच्यासाठीच सोडली होती. मग स्टाफ रूमला स्वतःच्या पर्समधलं कुलूप लावलं. किल्ली कनवटीला. "सरांना सांगा, किल्ली माझ्याकडे मिळेल."

त्याच सिस्टरच्या खिशात पुन्हा फोन टाकला होता, जानेवारीचीच शिफ्ट: सहा हजारांना थोडी कमी पावलं. एका दिवसाचा, एका माणसाचा आकडा आहे, मिरवायचा नाही. "वाचलेल्या वेळात काय करता?" विचारलं. म्हणाल्या, "पेशंटशी बोलते. आणि आता ते जास्तच बोलतात."

२० सप्टेंबर, रात्र

पुन्हा मुक्काम. बारा वाजता डोकी मोजली: पेशंट २४, नातेवाईक २७, स्टाफ तीन. ॲपचा काटा चाळिशीच्या आसपास रेंगाळला. ट्रॉली शेजारून गेली ती कळली नाही, तिच्यावरची बाटली किणकिणली तेव्हा कळली.

नातेवाईक बाकांवर. दोघे-तिघे पाय पोटाशी घेऊन, म्हणजे लांबीचा अंदाज चुकला. सहा फूट धरले होते, पिशवी उशाला घेतली की पाचच उरतात. आणि अकरा नंबरची सुरगाण्याची आजी बाक रिकामा ठेवून खाली फरशीवर गोधडीत. मी वाकून विचारलं, "आजी, वर का नाही झोपत?" म्हणाली, "वर झोप नाही लागत रे. पडाया होतं." बाकावर तिने डबा, पिशवी आणि बाळाची दुपटी नीट घडी करून मांडली होती. सरकून सरकून ती निम्मी बाकाखाली गेली होती, ट्रॉलीच्या वाटेतून बाहेर. फक्त तिचा खांदा बाकाच्या पायांना जोडणाऱ्या आडव्या पट्टीला अडत होता.

सोमवारी सुताराला सांगायचं: अकरापासून पुढच्या बाकांची खालची आडवी पट्टी काढून टाक, आधार मागे भिंतीत घे.